शिकवणी घेणाऱ्या ताई-दादांना कोण शिकवणार? जालन्यावरून समजून घेऊ

दिवाळी आटोपली की जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जावं लागतंच. काही मुलं आजी-आजोबांजवळ गावात राहतात, काही आई-वडिलांबरोबर फडावर जातात. हंगाम संपून ती परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. हजेरीपटावर मूल चौथीतून पाचवीत जातं, पण त्याला दुसरीचा धडाही वाचता येत नसतो.

अशा मुलासमोर संध्याकाळी जो कुणी शिकवायला बसतो, तो बऱ्याचदा शिक्षक नसतो. गावातली बारावी झालेली ताई असते, डी.एड. करून भरतीची वाट बघणारा दादा असतो, हंगामी वसतिगृहावर नेमलेलं कुणी असतं. आणि २०२४ पासून यात एक नवा गट आला आहे, तो म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले प्रशिक्षणार्थी. या योजनेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सरकारी आणि खासगी आस्थापनांत कामाचा अनुभव मिळतो. बारावी झालेल्यांना महिन्याला ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढवली. राज्यभरात यातले अनेक जण जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेले आणि थेट वर्गात उभे राहिले.

आता प्रश्न असा की, वर्गात पाय ठेवण्याआधी या मंडळींना कुणी काय शिकवलं? अनेकदा उत्तर एवढंच असतं: "पोरांकडं जरा बघ."

डिग्री नसेल तर शिकवता येतं का?

येतं. आणि याचा पुरावा शोधायला परदेशात जायची गरज नाही, तो मुंबईत आहे.

'प्रथम' या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' उपक्रम सुरू केला. वस्तीतलीच, दहावीच्या आसपास शिकलेली तरुणी घ्यायची. तिला वर्षाच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे प्रशिक्षण द्यायचं आणि पुढे अधूनमधून मार्गदर्शन. तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडली आहेत, अशी १५-२० मुलं रोज दोन तास तिच्याकडे सोपवायची. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. हाच उपक्रम पुढे वडोदऱ्यात गेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही शहरांत त्याची शास्त्रशुद्ध तपासणी केली. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच कामाबद्दल.

निष्कर्ष काय होता? बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. पण खरी गंमत पुढे आहे. मागे पडलेली मुलं बालसखीकडे गेल्यावर वर्गात उरलेल्या मुलांना त्या दोन तासांत छोटा वर्ग मिळाला. शिवाय शिकवायला पात्रताधारक शिक्षक होते. तरी त्या मुलांच्या गुणांत काही फरक पडला नाही. म्हणजे पटसंख्या कमी केल्यामुळे फरक पडला, असं म्हणता येत नाही. मुलाला जिथपर्यंत येतं तिथून पुढे कुणीतरी त्याला नेलं, म्हणून फरक पडला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण यशाच्या कथा सांगताना ती गाळली जाते. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात हा फायदा बराच ओसरला. पूर्ण गेला नाही, पण ओसरला. दोन महिने शिकवणी लावली आणि काम झालं, असं समजणाऱ्या पालकांनी आणि अधिकाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं.

मग घोडं अडतं कुठे?

पाठ्यपुस्तकात.

नवीन शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी काय करतो? मूल पाचवीत आहे, म्हणून पाचवीचं पुस्तक उघडतो. शाळेत कोणता धडा चालू आहे ते विचारतो. तो वाचून दाखवतो, प्रश्नोत्तरं लिहून देतो, मूल ती उतरवून घेतं. वही भरते, पालक खूश होतात. मुलाला त्यातला एक शब्द वाचता येत नाही हे महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण उतरवून काढायला वाचता यावं लागत नाही.

'असर' २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं, म्हणजे सुधारणा चांगली आहे. पण चारातली तीन मुलं अजूनही मागेच आहेत. मग त्यांच्यासमोर इयत्तेचं पुस्तक उघडून उपयोग काय?

हा दोष शिकवणाऱ्याच्या हुशारीचा नाही. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली, तेव्हा मुलांचं वाचन सुधारलं. पण तीच पद्धत नेहमीच्या शाळेत वापरायला शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा फरक दिसला नाही. शिबिरात अभ्यासक्रम पूर्ण करायचं ओझं नव्हतं, शाळेत होतं. पुढे हरियाणात रोजचा एक तास वेगळा काढला, मुलांचे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट केले, तेव्हा तिथल्या मुलांचं वाचन सुधारलं. हरियाणातली आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी आधी स्वतः १५-२० दिवस शाळेत वर्ग घेतले होते. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे हॉल, प्रोजेक्टर, चहा आणि सह्या. मुलांसमोर करून बघण्याचा भाग नेमका त्यातूनच निसटतो.

पहिला आठवडा: शिकवायचं नाही, ऐकायचं

नव्या ताई-दादाला एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल, तर मूल कुठे आहे हे ओळखायला शिकवा. त्यासाठी 'असर'ची वाचन चाचणी पुरते. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच-दहा मिनिटं. गणितासाठी अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार.

चाचणी सोपी आहे, पण ती घेताना कान तयार असावा लागतो. समजा, तिसरीतलं मूल पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवतंय. बोट मात्र भलत्याच ओळीवर आहे. मुलानं धडा पाठ केलाय, तो ते वाचत नाही. अशा वेळी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून "हे काय लिहिलंय?" असं विचारलं की चित्र स्पष्ट होतं. दुसरं मूल 'काम', 'घर' वाचतं पण 'मित्र', 'पुस्तक' आलं की थांबतं. त्याला मुळाक्षरांपासून परत सुरू करायची गरज नाही, जोडाक्षरांवर काम करायचं आहे. या दोघांना एका ओळीत बसवून 'क'चा कित्ता गिरवायला लावणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया.

गणितात हे आणखी ठळक दिसतं. ५२ वजा २७ करायला सांगितलं आणि मुलानं ३५ लिहिलं. नवीन शिकवणारा लाल फुली मारून "परत कर" म्हणतो. मूल परत ३५ लिहितं. कारण त्याचा एक नियम आहे: मोठ्यातून लहान वजा करायचं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. नियम चुकीचा आहे, पण मूल तो अगदी इमानदारीनं पाळतंय. "कसं काढलंस ते सांग" हा प्रश्न विचारायची सवय लावणं, हे प्रशिक्षणातलं अर्धं काम आहे. मग काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घ्यायचे, एक गठ्ठा सोडायचा आणि हातचा म्हणजे काय ते मुलाच्या हातात द्यायचं.

मराठीत आकड्यांची एक खास अडचण आहे, ती शिकवणाऱ्याला आधीच माहीत हवी. 'पंचवीस' ऐकल्यावर मुलाच्या कानावर आधी पाच येतात, मग वीस. म्हणून ते ५२ लिहितं. 'एकोणसाठ' ऐकल्यावर साठ आणि एक, म्हणून ६१ लिहिणारी मुलंही भेटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच', 'साठ तीन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागे मुलांची हीच अडचण असल्याचं सांगितलं होतं. मीम्सचा पाऊस पडला आणि मूळ मुद्दा वाहून गेला. पुस्तकात काय असावं यावर मतभेद असू द्यात. पण शिकवणीत बसलेल्या मुलाला 'पंचवीस म्हणजे वीस आणि पाच' असं फोडून सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

"करायलो" म्हणणाऱ्या पोराला हसायचं नाही

मराठवाड्यात मूल "मी अभ्यास करायलो" असं म्हणतं. तांड्यावरचं मूल घरी गोरबोलीत आईला 'याडी' म्हणतं. जालना शहरात कित्येक घरांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते. आणि शिकवणारा, स्वतः त्याच मातीतला असूनही, वर्गात शिरला की पुस्तकी मराठीवर जातो. मुलानं तोंड उघडलं की आधी भाषा दुरुस्त करतो. दोन-तीन वेळा असं झालं की मूल बोलणं बंद करतं. बोलणं बंद झालं की त्याला काय कळलं नाही हे कळायचा रस्ताही बंद होतो.

गावातल्याच ताईचा खरा फायदा इथे आहे. तिला मुलाची बोली कळते, त्याची आजी कोण ते माहीत असतं, घरी काय चाललंय ते ठाऊक असतं. बदलून आलेल्या शिक्षकाला हे कमवायला वर्ष जातं. प्रशिक्षणात तिला एवढंच सांगायचं, की तुझ्या गावच्या बोलीची लाज वाटू देऊ नकोस. मूल बोलेल ते आधी त्याच्या शब्दांत फळ्यावर लिही, मग पुस्तकातला शब्द शेजारी लिही.

मूल फडावर गेलं तर?

जालन्यात शिकवणीचं कोणतंही नियोजन ऊसतोडीचा विचार केल्याशिवाय पुरं होत नाही. हंगामी वसतिगृह योजनेचा हेतू मुलांना गावातच थांबवण्याचा आहे. जी मुलं तरीही जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. कागदावर व्यवस्था आहे. पण रोज पहाटे फडावर जाणाऱ्या आई-बापाच्या लेकराला, त्यातही धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला, ती कितपत पोचते हा वेगळा विषय.

इथे शिकवणाऱ्याला फोन उपयोगी पडू शकतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात एक प्रयोग झाला. आठवड्याला काही गणितं एसएमएसने पाठवायची आणि मग पालकांच्या फोनवर मुलाशी साधारण वीस मिनिटं बोलायचं. नुसत्या एसएमएसचा ठोस उपयोग झाला नाही. फोनवर बोलल्यावर मुलांचं गणित सुधारलं. इंटरनेट लागलं नाही, स्मार्टफोनही नाही.

टोळीत एकाकडे तरी फोन असतोच. रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं, दोन गणितं, एक गोष्ट. हे जमण्यासाठी मात्र शिकवणाऱ्याला मूल जायच्या आधी दोन गोष्टी कराव्या लागतील: त्याची पातळी लिहून ठेवायची आणि आई-वडिलांशी बोलून वेळ ठरवायची. एप्रिलमध्ये ते मूल परत येईल तेव्हा अनोळखी म्हणून येणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकली आणि शिकवलं, असं होत नाही, हे कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिलंय.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकवणारा किमान पदवीधर हवा, १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, वगैरे. पण त्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. ओसरीवर पंधरा मुलं घेऊन बसणारी ताई त्यात येतच नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत मारहाण आणि मानसिक छळाला बंदी घालतं. कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई करतं. म्हणजे ज्यांना शिकवण्याचं प्रशिक्षण आहे त्यांना खासगी शिकवणी घेता येत नाही, आणि जे घेतात त्यांना प्रशिक्षण देणारं कुणी नाही. (कलम २८ योग्यच आहे. नाहीतर शाळेतला धडा मुद्दाम शिकवणीसाठी राखून ठेवला जाईल.)

आणि ही काही मूठभर मुलांची गोष्ट नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या पाहणीनुसार देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी लावतात. ग्रामीण भागातही हे प्रमाण २५.५ टक्के आहे.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं. एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवायचं नाही, दार उघडं ठेवायचं. हात उचलायचा नाही. मुलांचे फोटो स्टेटसला लावायचे नाहीत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, "घरातलं प्रकरण आहे" म्हणून गप्प बसता येत नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८. ही माहिती द्यायला अर्धा तास लागतो.

मग हे प्रशिक्षण देणार कोण?

२०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात यावर थेट उत्तर होतं: राष्ट्रीय ट्यूटर कार्यक्रम आणि स्थानिक, विशेषतः महिलांमधून निवडलेल्या उपचारात्मक अध्यापन सहायकांचा कार्यक्रम. २०२० च्या अंतिम धोरणात हे दोन्ही स्वतंत्र कार्यक्रम राहिले नाहीत. स्वयंसेवक आणि मुलांनी मुलांना शिकवणं, एवढा उल्लेख उरला.

तरी यंत्रणा आहे. प्रत्येक जिल्ह्यात डायट आहे. केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा होतात, केंद्रप्रमुख असतात. शिक्षण परिषदेला त्या केंद्रातल्या प्रशिक्षणार्थींना, वसतिगृहावरच्या कर्मचाऱ्यांना आणि येऊ इच्छिणाऱ्या शिकवणीवाल्या ताई-दादांनाही बसू द्यायला काय हरकत आहे? दोन आठवड्यांची तयारी, त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष मुलांसमोर, आणि नंतर महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन अर्धा तास वर्ग बघणं. यातला शेवटचा भाग आधी गाळला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच सगळं फसतं.

शिक्षक संघटनांचा यावर एक आक्षेप असू शकतो आणि तो खोटा म्हणता येणार नाही. रिक्त जागा भरायच्या नाहीत आणि सहा-दहा हजारांत तरुणांना वर्गावर उभं करायचं, ही पळवाट होऊ शकते. बालसखी शिक्षकाच्या जागी आली नव्हती, शिक्षक असताना जोडीला आली होती. प्रशिक्षणार्थीच्या भरवशावर पूर्ण वर्ग सोडला, तर त्याला कितीही तयार केलं तरी तो कमी पडेल, आणि दोष त्याच्यावर येईल.

घानामध्ये २०१० नंतर अगदी आपल्यासारखाच प्रयोग झाला. तिथल्या राष्ट्रीय युवा रोजगार कार्यक्रमातून तरुण सहायक शाळांवर नेमले. मागे पडलेल्या मुलांना त्यांनी वेगळं शिकवलं आणि मुलं शिकलीही. पण मानधन वेळेवर मिळेना, तसे सहायक गैरहजर राहू लागले. आपल्याकडे युवा प्रशिक्षणार्थींनी मुदतवाढ आणि कायम नोकरीसाठी आंदोलनं केली. त्यांच्या मागणीबद्दल तुमचं मत काहीही असो, पण अकरा महिन्यांनी प्रशिक्षणार्थी शाळा सोडून जातो तेव्हा त्याच्याबरोबर कोणत्या मुलाला काय येतं ही माहितीही जाते.

म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक साधी वही द्यावी. एका मुलाला एक पान. जूनमध्ये काय वाचता आलं, ऑक्टोबरमध्ये काय, फडावर कधी गेलं, फोन कुणाचा, परत आल्यावर कुठून सुरुवात केली. शिकवणारा बदलला तरी वही शाळेतच राहील, आणि पुढची ताई पाचवीचं पुस्तक उघडायच्या आधी ती उघडेल.